ऑकमध्ये (awk, मजकूर हाताळणारी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा) ‘मुंबई’ची लांबी माझ्या लॅपटॉपवर १५ आणि ऑफिसच्या सर्व्हरवर ५ का येते?

दोन्हीकडे ऑक वेगवेगळा आहे: लॅपटॉपवर बहुधा मॉक (mawk), सर्व्हरवर गॉक (gawk), दोन्ही ऑकचेच अवतार. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सवर ऑक म्हटलं की मुळात मॉकच मिळतो, आणि तो बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी ५ चिन्हं, म्हणून १५. गॉक चिन्हं मोजतो, आणि पॉझिक्सलाही (युनिक्सच्या साधनांचं मानक) तेच अपेक्षित आहे. (आपल्या डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात, ते दोघांच्याही गावी नाही.) सबस्टर (substr, मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) तर आणखी त्रास देतो. मॉकमध्ये ‘दादर’चे पहिले ४ मागितलेत तर ‘द’ येतो आणि पुढे कान्याचा तुटका बाइट, म्हणजे स्क्रीनवर प्रश्नचिन्हाचा चौकोन. गॉक टाका आणि स्क्रिप्टमध्ये नुसतं ऑक न लिहिता गॉक असंच लिहा.

फक्त लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ हवं. तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवलीत तर तिथे बरेचदा साधं ‘सी’ लोकेल असतं, यूटीएफ-८ नव्हे, आणि मग गॉकही निमूट १५ सांगतो. मॅकच्या ऑकचंही आवृत्ती बघूनच ठरवा. तो मूळ ऑकवर बेतलेला आहे, आणि मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ आलं ते २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत.