फ्लूची लस मेडिकलमधून आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली तर चालते का?

आई ६८ वर्षांची, साखर आहे, गारगोटीला राहते. लस कोल्हापुरातून बर्फात घालून न्यायची, आठवडाभर घरी ठेवायची आणि मग तिथल्या डॉक्टरांकडून टोचून घ्यायची, असा तुमचा बेत. लस जरूर द्या. तो बर्फ तेवढा नको.

"जेवढं गार तेवढं चांगलं" हे मेडिकलच्या काउंटरवर मी आजही ऐकतो, आणि ते साफ चूक आहे. या लसीला २ ते ८ अंश लागतात. एकदा गोठली की ती फेकायची. वितळली म्हणून पुन्हा कामाची होत नाही. आणि बघून काही कळत नाही. धनुर्वाताची लस गोठून वितळली तर हलवून ठेवल्यावर गाळ भराभर खाली बसतो, कारण तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. फ्लूच्या बहुतेक लसींत तो नसतोच, म्हणून गाळावरून ओळखता येत नाही. सरकारी लसीच्या बाटलीवरचा रंग बदलणारा चौकोनसुद्धा फक्त उष्णता लागली का ते सांगतो, गोठल्याचं नाही.

न्यायचीच असेल तर आईस पॅक फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवा. बाहेरून घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की तो तयार. लस मूळ खोक्यातच ठेवायची, खोक्याभोवती पुठ्ठा, मग पॅक. सुटा बर्फ अजिबात नाही.

घरी फ्रिजच्या दारात ठेवली तर दर उघडझाकीला तापमान वरखाली होतं. मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरच्या खाली चिकटवली तर गोठू शकते. मधला कप्पा बरा. पण रात्री लाइट किती वेळ गेली होती याचा हिशेब कोण ठेवणार? त्यापेक्षा डॉक्टरांची वेळ आधी घ्या आणि आणल्या दिवशीच टोचा. ०.५ मिली, दंडाच्या वरच्या मांसल भागात. कमरेत नको. नंतर चोळायचं नाही.

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. लस लागू व्हायला दोन आठवडे जातात, म्हणून मे महिना गाठा. लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, तेव्हा खोक्यावर मुदतीबरोबर हंगामही वाचा. मुदत उरली आहे म्हणून जुन्या हंगामाची लस गळ्यात मारली जाऊ शकते.

कोविडचं म्हणाल तर फ्लूची लस कोविडवर चालत नाही. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडात घेता येतात. कोविडचा बूस्टर पुन्हा हवा का, ते आईची साखर बघणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

हो, आणि एक राहिलं. अंगात ताप असेल तर थांबा, नुसत्या सर्दीला नाही. आधी कधी या लसीनं जोराची ॲलर्जी आली असेल तर घेऊ नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. बारीक सुई वापरून जागा दोन मिनिटं दाबून धरावी लागते.

विकत घेताना दुकानदाराला फ्रिजमधला थर्मामीटर दाखवायला सांगा. नसेल तर पुढचं दुकान.