समुद्रात तेल सांडलं की माशांच्या अंड्यांचं आणि पिल्लांचं नेमकं काय होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मोठे मासे तेलापासून पळून जात असतील, मग एवढं नुकसान कसलं? आणि गोंदियाकडच्या तुमच्या बोडीत (लहान तळ्यात) जिरे, म्हणजे माशांची अगदी लहान पिल्लं, सोडण्याआधी किडे मारायला डिझेल-साबण मारता, त्याचंही तसंच होतं का? मी भंडारा जिल्ह्यात मत्स्यबीज केंद्रावर काम करतो. समुद्र माझ्या कामात येत नाही, पण अंडी आणि जिरे रोज हाताखालून जातात आणि कॉलेजातला विषयही हाच होता, म्हणून उत्तर देतो.

मोठा मासा बऱ्याचदा पळतो, हे खरंच आहे. अंडं कुठं पळणार? बांगडा, तारली, पापलेट यांची अंडी पाण्यात सुटी तरंगतात, त्यातली बरीचशी वरच्या थरात, आणि तेलाचा तवंगही तिथंच. पण अंडं तवंगात बुडून गुदमरतं असं जे चित्र डोक्यात असतं, ते बाजूला ठेवा. खरं काम करतो तो तेलातून पाण्यात विरघळलेला अगदी थोडा भाग. कच्च्या तेलात पीएएच नावाची द्रव्यं असतात, म्हणजे कार्बनच्या दोन, तीन, चार कड्या एकमेकींना जोडलेले रेणू. त्यातही तीन कड्यांवाले जास्त नडतात. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्यांचे काही मोजके भाग असले तरी अंड्यातल्या जिवाला पुरतात. एवढ्यानं पाण्याला ना वास येतो, ना रंग.

त्याचा मार हृदयावर असतो. आमच्याकडे पावसाळ्यात विणीसाठी इंजेक्शन दिलेल्या रोहूची अंडी पांढऱ्या बशीत घेतली की भिजल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसतात. आत वळलेला जीव मधूनच आचका देतो. रात्री अंडी पडली तर दुसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर. बाहेर आलेलं पिल्लूही पारदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर हृदयाचा ठोका सरळ दिसतो. माशाचं हृदय आधी एक सरळ नळी असतं. मग ती वाकते, तिचे कप्पे पडतात, आणि हे सगळं ती धडधडत असतानाच चालतं. पीएएचमुळे हृदयाच्या पेशींतली पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा बिघडते. ठोका मंदावतो, चुकतो. नळी नीट वाकत नाही, हृदयाभोवती आणि पिवळ्या बलकाच्या पिशवीत पाणी साचतं. जबडा आखूड राहतो, डोळे लहान राहतात, पाठीचा कणा वाकडा होतो. असं पिल्लू बलक संपला की तोंडानं काही पकडू शकत नाही, काही दिवसांत मरतं.

पण मला विचाराल तर खरी चिंता या वाकड्या पिल्लांची नाही, ती मोजता तरी येतात. चिंता आहे ती धडधाकट दिसणाऱ्यांची. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डिझ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी गुलाबी सॅमनची अंडी तेल लागलेल्या खडीत उबवली. त्यातली वरून चांगली दिसणारी पिल्लं खुणा करून समुद्रात सोडली. मोठी होऊन परतणाऱ्यांत ती स्वच्छ पाण्यातल्या पिल्लांपेक्षा कमी भरली. हेरिंग या तारलीच्या जातकुळीतल्या माशाच्या पिल्लांवरच्या नंतरच्या प्रयोगांत कारणही दिसलं: अंड्यात असताना थोडं तेल लागलेल्यांच्या हृदयाचा आकार किंचित बदललेला आणि पोहण्याचा दम कमी. दम नसलेला मासा मोठ्या माशाच्या तोंडी जातो, आणि मेलेल्यांच्या यादीत तो कधी येतच नाही.

अलास्कातल्या हेरिंगचा साठा १९९३ मध्ये एकदम कोसळला. तो तेलामुळे की रोगामुळे, यावर तिथं अजून वाद आहे, त्यामुळे सगळं खापर तेलावर फोडणं बरं नाही.

बऱ्याच जणांना उलटं वाटतं अशी एक गोष्ट. तेल जुनं झालं, वास गेला, म्हणजे धोका गेला असा समज असतो. उडून जातात ते बेंझिनसारखे हलके घटक. कड्यावाले जड घटक मागं उरतात, म्हणजे शिळ्या तेलात त्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. वरून ऊन. पारदर्शक अंड्यात शिरलेल्या काही पीएएचवर सूर्याचे अतिनील किरण पडले की विषारीपणा आणखी वाढतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या तळावरून खोदलेली तेलविहीर फुटली आणि ८७ दिवस तेल ओकत राहिली, तेव्हा नेमका तिथं ब्लूफिन ट्यूनाचा विणीचा हंगाम होता. त्या तेलावर ट्यूनाची अंडी तपासली तर हृदयाची तीच तक्रार निघाली.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकून समुद्रात तेल सांडलं, तेव्हा लोकांनी मासे खावेत की नाही यावरच सगळी चर्चा झाली. आपल्या आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या बाईलाही गिऱ्हाइकं तेच विचारत होती. अंड्यांचं कोणी विचारलं नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती बऱ्याच माशांचा विणीचा काळ म्हणून. समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे किनाऱ्याला लागतात तेही पावसाळ्यातच जास्त. हा योग मला तरी बरा वाटत नाही.

आता तुमची बोडी. साबण-तेल मारण्याची पद्धत जुनीच आहे. पाण्यावर पातळ थर बसतो, वर श्वास घ्यायला येणारे किडे मरतात आणि जिरे वाचतात. डिझेलमध्येही दोन-तीन कड्यांवाले रेणू असतातच. मात्र तुम्ही सोडता ते जिरे तीन-चार दिवसांचे असतात, त्यांचं हृदय घडून झालेलं असतं, त्यामुळे अंड्याइतका धोका त्यांना नाही. तरी डिझेल कशाला? मूळ शिफारस स्वस्त खाद्यतेलाची आहे: हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, बीज सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला बघून. वारा असला की थर एका कडेला जातो आणि सगळी मेहनत वाया.

डिझेलची खरी भीती उबवणी केंद्रावर आहे, कारण अंडी तिथं असतात. आमच्याकडे पूर्वी पाणी उपसायचं डिझेल इंजिन पाणी घेण्याच्या जागेला लागूनच होतं, खाली तेलाचा काळा डाग कायम. आता ते पाळीवरून खाली उताराच्या बाजूला नेलंय आणि खाली पत्र्याचा ट्रे ठेवलाय. बीज विकत घ्यायला जाल तेव्हा पैसे मोजण्याआधी तिथलं इंजिन कुठं बसवलंय ते एकदा बघून या.