एमिअबल की ॲमिकबल?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. विद्यार्थिनीसाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहायचं आहे आणि मुलगी 'मनमिळाऊ' आहे हे त्यात यायला हवं. शब्दकोशात एमिअबल, ॲमिकबल, ॲफबल, कॉर्डियल, जीनियल अशी रांगच निघाली आणि जवळपास प्रत्येकापुढे 'स्नेहशील, मैत्रीपूर्ण' हाच अर्थ. यातला कोणताही घेतला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

चालणार नाही. एमिअबल घ्या किंवा सरळ फ्रेंडली लिहा. ॲमिकबल मात्र अजिबात नको. अर्थ जवळजवळचे असले तरी यातला कोणता शब्द कशाला लावायचा हे वापराने ठरून गेलंय: कुणी माणसाला लागतो, कुणी व्यवहाराला, कुणी स्वागताला. अर्थाची एक ओळ वाचून कोश मिटू नये, खालची उदाहरणाची वाक्यंही वाचावीत, असं मी कळकळीने सांगतो ते यासाठीच.

एमिअबल आणि ॲमिकबल ही सख्खी भावंडं. लॅटिनमध्ये 'आमिकुस' म्हणजे मित्र. कोर्टातला 'अमायकस क्युरी', म्हणजे न्यायमित्र, तोही याच घरचा. ॲमिकबल लॅटिनमधून थेट उचललेला. एमिअबल फ्रेंचमधून आला आणि वाटेत 'प्रेम करावं असा' या अर्थाचा दुसरा एक फ्रेंच शब्द त्याच्यात मिसळून गेला. आज एमिअबल असतो तो माणूस किंवा त्याचा स्वभाव. ॲमिकबल असतो तो दोन पक्षांमधला व्यवहार: तोडगा, वाटणी, फारकत.

'ॲमिकबल डिव्होर्स' हा प्रयोग नीट पाहा. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद आली. असा घटस्फोट कटुता न ठेवता पार पडला की इंग्रजीत त्याला ॲमिकबल म्हणतात. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे असा त्याचा अर्थ नाही. भांडण होऊ शकलं असतं, पण होऊ दिलं नाही, एवढाच अर्थ. आपल्याकडे यासाठी 'सामोपचाराने' हा अगदी नेमका शब्द आहे. साम, दाम, दंड, भेद यातला पहिला उपाय वापरून प्रश्न सोडवला, असं तो सांगतो. 'मुलगी ॲमिकबल आहे' हे वाक्य जाणकाराच्या कानाला 'मुलगी सामोपचाराची आहे' इतकं विचित्र लागतं.

गणितातसुद्धा हा शब्द जोडीनेच येतो. २२० ला नि:शेष भाग जाणाऱ्या, खुद्द २२० सोडून बाकीच्या, सगळ्या संख्यांची बेरीज २८४ होते. २८४ चं तसंच केलं की उत्तर २२० येतं. अशा जोडीला ॲमिकबल नंबर्स म्हणतात. एकट्या संख्येला हे विशेषण लागूच होत नाही.

उच्चाराचंही सांगून टाकतो, कारण इथे बरेच जण अडखळतात. 'एमिअबल' हा 'ए'वर जोर देऊन आणि 'ॲमिकबल' हा 'ॲ'वर. 'अमायेबल' किंवा 'अमीकेबल' नाही.

एमिअबलची एक छटा मात्र शिफारसपत्र लिहिताना ध्यानात असू द्या. हा मवाळ शब्द आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसालाही तो लावतात, आणि दुसरं काही सांगण्यासारखं नसलं की हमखास लावतात. मराठीत 'स्वभावाने गरीब' म्हटलं की तीच पंचाईत होते. तेव्हा तो एकटा सोडू नका. गटात काम करताना ती नव्या मुलींना कशी सामावून घेते, याचं एखादं वाक्य शेजारी ठेवा.

ॲफबल हा बोलण्यातून आलेला शब्द. लॅटिन 'फारी' म्हणजे बोलणे, आणि ॲफबल म्हणजे ज्याच्याशी सहज बोलता येतं असा. यात बहुधा अधिकाराची पायरी असते. साहेब केबिनमधून उठून बाहेर येतात, शिपायाला मुलीचा निकाल विचारतात, अर्ज घेऊन आलेल्याला आधी बसायला सांगतात. असे साहेब ॲफबल. शिपाई साहेबांशी कितीही गोड बोलला तरी त्याच्यासाठी हा शब्द सहसा वापरत नाहीत. विद्यार्थिनीसाठीही तो थोडा मोठ्या मापाचा होतो.

कॉर्डियलवर मात्र माझा विशेष जीव आहे. लॅटिन 'कोर' म्हणजे हृदय. मध्ययुगात कॉर्डियल म्हणजे हृदयाला बळ देणारं औषध किंवा पेय. बाटलीतल्या 'लाइम कॉर्डियल'मध्ये ते जुनं नाव अजून टिकून आहे. आता आपला 'हृद्य' शब्द घ्या. चरकसंहितेत 'हृद्य', म्हणजे हृदयाला हितकर, अशा दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. त्यात आंबा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग अशी बहुतेक आंबट फळंच आहेत. आणि आज 'हृद्य' आपल्याला भेटतो तो बातमीत: 'मान्यवरांचा हृद्य सत्कार'. औषधातून समारंभात असा प्रवास दोन्ही भाषांत झालेला पाहून मला फार आनंद होतो.

समारंभ म्हटलं ते मुद्दामच. कॉर्डियलमध्ये ऊब असते, पण बेताची. १९०४ साली ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या समझोत्याला 'आंताँत कॉर्दियाल' म्हणतात. वसाहतींवरून चाललेले जुने वाद मिटवण्यासाठी तो होता. निमंत्रणपत्रिकेत, परराष्ट्र खात्याच्या निवेदनात कॉर्डियल शोभतो. पण 'माझे भावाशी संबंध कॉर्डियल आहेत' असं कुणी म्हणालं तर ऐकणारा मनात म्हणेल, काहीतरी बिनसलेलं दिसतंय. 'भावाशी सध्या सलोखा आहे' यातूनही तेच ऐकू येतं ना? याच शब्दाचं क्रियाविशेषण नावडीलाही चालतं: एखाद्याला 'कॉर्डियली डिसलाइक' करणं म्हणजे तो मनापासून न आवडणं. 'मनापासून' हा शब्द मराठीतही दोन्हीकडे चालतोच.

जीनियल म्हणजे हसतमुख, प्रसन्न. यजमान, आजोबा, चेहरा, शिवाय हवासुद्धा जीनियल असते. त्यातूनच आलेल्या कन्जीनियलला 'मैत्रीपूर्ण' म्हणणं ढिसाळपणाचं आहे. त्याच्यासाठी आपलं 'मानवणं' हे क्रियापद चपखल बसतं: गावची हवा मानवते, नोकरी मानवते, सोबत मानवते. कन्व्हिव्हियलला खाण्यापिण्याची बैठक लागते. शिफारसपत्रात त्याचं काही काम नाही.

राहिला ग्रेगेअरियस. 'ग्रेक्स' म्हणजे कळप, आणि प्राणिशास्त्रात हा शब्द आजही त्याच अर्थाने वापरतात. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा तो बातम्यांतही दिसला. एरवी एकएकटे राहणारे टोळ दाटीवाटीत आले की रंग आणि वागणं बदलून झुंडीने निघतात. ती त्यांची ग्रेगेअरियस अवस्था. ज्या टोळांना दोन वेगळ्या जाती समजत होते, त्या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, हे उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडलं. माणसाबद्दल हा शब्द येतो तेव्हा त्याला गोतावळा लागतो, एकट्याला करमत नाही, इतकंच कळतं. तो प्रेमळ आहे की नाही, ते त्यात येत नाही. माणसांत रमणारे सगळेच मनमिळाऊ नसतात, आणि कितीतरी मनमिळाऊ माणसं अबोल असतात. प्रश्नातली मुलगी अबोल असेल तर तिला ग्रेगेअरियस किंवा सोशेबल म्हणू नका.

फ्रेंडली लिहिणार असाल तर व्याकरणाची एक अडचण आहे. शेवटी 'ली' असला तरी हे विशेषण आहे, क्रियाविशेषण नव्हे. 'शी इज फ्रेंडली' बरोबर. 'शी बिहेव्ज फ्रेंडली' चूक. तिथे 'इन अ फ्रेंडली वे' असं लिहावं लागतं. त्यापेक्षा 'शी गेट्स ऑन वेल विथ एव्हरीवन' लिहा. मनमिळाऊमधलं 'मिळून जाणं' त्यात जसंच्या तसं येतं, आणि विशेषण शोधायची गरजच उरत नाही.