सर्दी झाली की ‘मामा’चा ‘बाबा’ का ऐकू येतो?

कारण ‘म’ आणि ‘ब’ यांच्यात फरक फक्त नाकाचा आहे. ओठ मिटणं आणि स्वरतंतूंचं कंपन दोन्हींत सारखंच. ‘म’ म्हणताना मऊ टाळू, म्हणजे पडजीभ लोंबते तो मागचा भाग, खाली येतो आणि हवा नाकातून जाते. ‘ब’ला तो वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, हवा ओठांमागे कोंडते आणि ओठ उघडताच सुटते. नाक चोंदलं की टाळू खाली असूनही हवा कोंडतेच. ‘न’चा ‘द’ होतो तोही असाच. करून बघा: ‘म्ऽऽऽ’ लांबवत नाकपुड्या चिमटीत धरा, आवाज लगेच तुटतो. ‘आऽऽऽ’ म्हणताना मात्र फारसा फरक पडू नये. ठळक पडला तर टाळू पुरता मिटत नसावा, आणि तो दोष सर्दीच्या बरोबर उलटा. नाक अर्धवटच चोंदलेलं असेल तर ‘म’ नुसता दबका येतो.