बडोद्याजवळ नर्मदेकाठी गाड्यांच्या त्रासाविना सायकल कुठे चालवता येईल?

तुम्ही विचारलंय की युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या पासाऊ ते व्हिएन्ना सायकलमार्गासारखं बडोद्याच्या आसपास काही आहे का. बरोबर बारा वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेले सासरे आहेत, दोन दिवस हाताशी आहेत, चढ नको आणि ट्रकही नकोत.

माझं उत्तर: चांदोद ते नारेश्वर, नर्मदेच्या उत्तर तीरानं, शिनोर आणि मालसर घेत. फक्त सायकलींसाठी राखलेला रस्ता इथे नाही, हे आधीच सांगतो. गावांना जोडणारे साधे डांबरी रस्ते आहेत. पण वेळ आणि दिशा नीट धरली तर तासभरात दोन-चार मोटरसायकली, एखादा ट्रॅक्टर आणि बकऱ्यांचा कळप, याहून जास्त काही भेटत नाही.

डॅन्यूबकाठचा रस्ता इतका सोपा का, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे इथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते कळेल. तिथे पूर्वी काठावरून घोडे बोटी ओढत नेत. त्या घोड्यांच्या वाटा पाण्याला लागून होत्या, आणि आज बऱ्याच ठिकाणी सायकली त्याच जागेवरून जातात. पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर ३०० किलोमीटरहून थोडं जास्त, आणि तेवढ्यात नदी दीडशे मीटरच्या आतच उतरते. म्हणून तिथे म्हातारी माणसं आणि मुलं आरामात सायकल चालवतात.

आपल्या बाजूची नर्मदाही तशीच संथ आहे. सरदार सरोवर धरणाच्या खाली डोंगर मागे पडतात आणि सगळा मैदानी मुलूख लागतो. पण इथे नदीनं काळ्या मातीत आणि गाळात खोल कापत जाऊन दोन्हीकडे उंच दरडी केल्या आहेत. जागोजागी घळी आहेत, इकडे त्यांना कोतर म्हणतात. पाण्याला लागून रस्ता होणंच शक्य नाही. गावं दरडीच्या माथ्यावर, रस्ता गावांच्या मागून शेतातून, आणि प्रत्येक गावातून एक फाटा खाली घाटाकडे. त्यामुळे दिवसभर सपाटी मिळते, नदी मात्र सतत दिसत नाही. ती गावागावात दिसते, दरडीवरून, अख्ख्या पात्रासकट. मला हे काठाकाठानं जाण्यापेक्षा जास्त आवडतं. मुलीला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या तासात ती "नदी कुठाय?" विचारत राहील. घाटाकडे उतरताना सायकलवरून उतरा आणि वर येतानाही हातानंच ढकला. तेवढाच काय तो चढ.

रस्ता शांत का, तर पूल कमी आहेत म्हणून. जिथे नदी ओलांडता येते तिथेच लांबची वाहतूक जाते. चांदोदजवळ पोइच्याचा पूल आहे, तिथे गर्दी असते. मालसरजवळही आता पलीकडे आशा गावाकडे नेणारा पूल झाला आहे, त्या फाट्यावर उतरून चालत रस्ता ओलांडा. मधल्या पट्ट्यात मात्र रस्ता गावापाशी जाऊन नदीवर संपतो, म्हणून तिथे कामाशिवाय कुणी येत नाही. दुसरीकडे कुठे मार्ग शोधायचा झाला तरी हेच बघा: नकाशात पूल कुठे आहेत ते शोधा आणि त्यांच्या मधला भाग धरा.

बडोद्यातून सायकलनं निघू नका. डभोईवरून केवडियाला जाणारा रस्ता २०१८ मध्ये स्टॅच्यू ऑफ युनिटी उघडल्यापासून पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो, मुलीला घेऊन त्यावर जाऊ नये. सायकली छोट्या टेम्पोत घालून पहाटे निघून चांदोदला पोचा, साधारण ५० किलोमीटर पडतं. गरुडेश्वरला दत्तसंप्रदायातले संत टेंबेस्वामी यांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं असेल (बडोद्यात आलेल्या मराठी घरात हा विषय निघतोच) तर तो दिवस वेगळा ठेवा आणि गाडीनं जा. तोही त्याच गर्दीच्या बाजूला आहे.

कुणी तुम्हाला नर्मदा कालव्याच्या कडेचा रस्ता सुचवेल. सपाट आहे, सरळ आहे, नकाशात फार मोहक दिसतो. मी लहान मुलांना तिथे नेण्याच्या पूर्ण विरोधात आहे. मुख्य कालव्याचे काठ काँक्रीटचे आणि उतरते आहेत, पाणी वाहतं आहे. आत पडलेल्या माणसाला धरायला काही मिळत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर येणं फार अवघड जातं. सावलीही नाही.

डभोईत मात्र अर्धा तास थांबा. हिरा भागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम बघा. आणि मुलीला सांगा की याच गावात गायकवाड सरकारनं १८६२ मध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांवर गाडी चालवली होती, आणि सुरुवातीला ती इंजिनानं नव्हे, बैलांनी ओढली. डभोईभोवती या अरुंद रुळांचं मोठं जाळं होतं. युरोपात बंद पडलेल्या अशा लोहमार्गांवर सायकलवाटा केल्या आहेत, कारण रुळांना लागतो तितका सौम्य उतार सायकललाही मानवतो. बडोद्याच्या आसपास जिथे रूळ कायमचे उखडले गेले, तिथली जमीन मोकळी राखून एखादी तरी वाट सायकलींना द्यावी, असं मला मनापासून वाटतं. गावातल्या मुलांना शाळेत जायलाही ती उपयोगी पडेल.

आता दिशा. चांदोदहून नारेश्वरकडेच जा, उलट नको. थंडीत इकडे वारा उत्तर-ईशान्येचा असतो, तो पाठीशी किंवा बाजूनं राहतो. सकाळचं ऊनही पाठीवर पडतं. नदी डाव्या हाताला राहते. आणि परिक्रमावासी समोरून येतात. नर्मदा उजवीकडे ठेवून चालायचं असल्यामुळे उत्तर तीरावरचे सगळे पूर्वेकडे चाललेले असतात. थंडीच्या दिवसांत त्यांच्यात मराठी माणसं भरपूर भेटतील. लांबूनच घंटी वाजवा, जवळ आल्यावर वेग अगदी कमी करा, "नर्मदे हर" म्हणा. सासऱ्यांना बोलायची आवड असेल तर तुमचा निम्मा वेळ तिथेच जाईल, जाऊ द्या.

पहिल्या दिवशी चांदोदचा मल्हारराव घाट बघून, नावेनं ओरसंग-नर्मदेच्या संगमापर्यंत जाऊन या आणि मग निघा. शिनोर २० किलोमीटरच्या आसपास आहे. कापूस, तूर, एरंडी आणि केळीच्या बागा यांच्यामधून रस्ता जातो. वाटेत चहाची टपरी प्रत्येक गावात नसते, पाणी बरोबर हवंच. शिनोर तालुक्यातच अंबालीला अनसूया मातेचं स्थान आहे, दत्तभक्त घर असेल तर तिकडे वळा. मुक्काम मालसरला करा. भागवतकथा सांगणाऱ्या डोंगरे महाराजांमुळे या गावाचं नाव गुजरातभर झालं, आणि आश्रमांमुळे राहायची सोय होते. आधी फोन करून विचारा, कारण परिक्रमेच्या दिवसांत जागा त्यांची आधी.

दुसऱ्या दिवशी नारेश्वर. रंगावधूत महाराज, मूळचे पांडुरंग वळामे, टेंबेस्वामींचे शिष्य. त्यांनी १९२५ मध्ये इथे येऊन राहायला सुरुवात केली तेव्हा हे रान होतं. आज मोठं स्थान आहे, प्रसादाची आणि मुक्कामाची व्यवस्था आहे, झाडी दाट आहे. दुपारचं ऊन टाळून तिथे निवांत बसता येतं.

दोन्ही दिवस सकाळी लवकर निघून साडेअकराच्या आत सायकल थांबवायची. यात सवलत घेऊ नका. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं, आणि नदीकडच्या फाट्यांवरून रेतीचे डंपर निघतात. सकाळी रिकामा असलेला अरुंद रस्ता मग मुलांच्या सायकलींसाठी राहत नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. पावसाळ्यात काळी माती चाकांना अशी चिकटते की सायकल उचलून न्यावी लागते, आणि धरणातून पाणी सोडलं की घाट बुडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये चांदोद आणि करनाळीत घराघरांत पाणी शिरलं होतं. चैत्रात ऊनही कडक असतं आणि तिलकवाड्याच्या बाजूला उत्तरवाहिनी परिक्रमेची, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याच्या प्रदक्षिणेची, प्रचंड गर्दी असते.

पाण्यात उतरू नका, कितीही उथळ दिसलं तरी. नदीत मगरी आहेत. शिवाय धरणातून सोडलेल्या पाण्यानं पातळी कोरड्या दिवशीही वाढते. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून पाय मोकळे करा, तेवढं पुरे.

सायकलींबद्दल थोडंच. गिअर नसले तरी चालतात. टायर मात्र थोडे रुंद हवेत, कारण डांबराच्या कडा तुटलेल्या असतात. वेड्या बाभळीचे काटे रस्त्यावर सर्रास पडलेले असतात, तेव्हा प्रत्येक सायकलमागे दोन जास्तीच्या ट्यूब आणि एक पंप घ्या. गावात पंक्चरवाला मिळतो, पण तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

परतताना नारेश्वरहूनच टेम्पो बोलवा. करजणपर्यंत सायकल चालवून तिथून रेल्वेनं यायचा मोह होईल, पण करजण जवळ आलं की महामार्गाची वाहतूक सुरू होते. आणि सासऱ्यांना दोन दिवस जमतील की नाही अशी शंका असेल, तर आधी एका रविवारी फक्त चांदोद ते शिनोर करून बघा, टेम्पो शिनोरला उभा ठेवून.