‘एहरेनफेल्स’ कशाने बुडाली?

चि.,

दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मुरगाव बंदरात बुडालेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन मालवाहू बोटीवर लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मात्र ‘इंग्रजांनी बुडवली की जर्मनांनी’ असा एकच प्रश्न धरून बसू नकोस. बोट खाली गेली कशाने, हे वेगळं. ती वेळ आणली कोणी, हे वेगळं.

9 मार्च 1943 च्या पहाटे ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या इंग्रजांच्या स्वयंसेवक पलटणीचे हौशी सैनिक ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून बंदरात शिरले आणि ‘एहरेनफेल्स’वर चढले. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे इंग्रजांनी ब्र काढला नाही. खलाशांनीच आपल्या बोटी जाळल्या, एवढंच लोकांना कळलं. 1978 मध्ये गुपित फुटलं आणि सगळं श्रेय छाप्याकडे गेलं. माझ्या मते दोन्ही कथा अर्ध्याच.

त्या रात्री चार बोटी गेल्या. ‘ड्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि इटालियन ‘आन्फोरा’वर छाप्यातला एकही माणूस चढला नव्हता, तरी त्यांच्या खलाशांनी त्या पेटवून बुडवल्या. बोट शत्रूच्या हाती लागू द्यायची नाही, ही तयारी आधीपासूनची होती. छाप्याने फक्त मुहूर्त ठरवला. तुझ्या लेखाचा कणा हाच असू दे.

खलाशांना किनाऱ्यावर मेजवानीत गुंतवलं होतं, असं सांगतात. इथे आधी कॅलेंडर बघ. 1943 चा ईस्टर 25 एप्रिलला, म्हणजे राखेचा बुधवार, कार्निव्हल संपल्यावरचा उपवासाचा पहिला दिवस, 10 मार्चला. छाप्याची रात्र ऐन कार्निव्हलची! बंदरावर नाचगाणं असणारच होतं. मग मेजवानी मुद्दाम ठेवलेली की सणाचीच, हे कागदांतून काढावं लागेल.

सगळ्यात कच्चा दुवा, छाप्याचं कारण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘एहरेनफेल्स’वरच्या गुप्त वायरलेसचा. त्यावरून खबर जायची आणि जर्मन पाणबुड्या इंग्रजांच्या बाजूची जहाजं टिपायच्या, असं छातीठोकपणे लिहिलं जातं. जर्मन पाणबुडी दलाची युद्धाची रोजनिशी आज वाचायला मिळते. मुरगावची खबर आणि त्यामागोमाग झालेला हल्ला, अशी एक तरी जोडी तिथे सापडेपर्यंत ते वाक्य लिहू नकोस. ‘एहरेनफेल्स’चा कप्तान त्या रात्री मारला गेला; कुणाच्या मरणाचं कारण ऐकीव गोष्टीवर सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

पोर्तुगीज येत नसेल तर आजच शिकायला लाग. मग पणजीच्या पुराभिलेखागारात जाऊन त्या मार्चचा सरकारी पत्रव्यवहार मागव, आणि प्रत्येक कागदावर लिहिल्याची तारीख आधी बघ.

तुझा,
सर