दोन गायींसाठी वर्षभराचा भुसा: पिकअपच्या किती खेपा लागतील?

तुम्ही विचारलंय की इंदूरजवळ दोन गायी पाळल्या आहेत, भुशाचे गठ्ठे पिकअपने आणले तर किती खेपा होतील.

एका गायीला हिरव्या चाऱ्यासोबत रोजचा ५-६ किलो कोरडा चारा धरा. दोघींचे वर्षाला ३६ ते ४४ क्विंटल झाले. बेलरचा (भुसा दाबून बांधणाऱ्या यंत्राचा) छोटा चौकोनी गठ्ठा साधारण २० किलोचा. नऊ फुटी हौद्यात नीट रचून ४०-४५ गठ्ठे मावतात, म्हणजे आठ-नऊ क्विंटल. थोडक्यात साधारण पाच खेपा. गाडी वजनाने भरत नाही, जागेने भरते. पिकअपमागे ट्रॉली लावण्यापेक्षा शेतकऱ्याच्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीने एकदम मागवणं मला तरी बरं वाटतं.

गहू निघाला की मार्च-एप्रिलमध्येच देपालपूर, सांवेरकडे चक्कर मारा. पावसाळ्यात भाव चढतो आणि मालही ओला निघतो. सोयाबीनचं कुटार स्वस्त मिळतं, पण गायी त्यातलं जाड काड टाकून देतात.

सौदा नगावर करू नका, काट्यावर करा. आधी रिकामी गाडी तोला, मग भरलेली. आम्ही पहिल्या वर्षी नगावर घेतले, निम्मे गठ्ठे १४ किलोचे निघाले! एखादा गठ्ठा सोडून आत हात घालून बघा. ऊब किंवा कुबट वास आला तर सरळ नाही म्हणा, बुरशी गायीला बाधते.

भरलेल्या गाडीवर ताडपत्री, दोर आडवे-उभे, आणि वरच्या विजेच्या तारांकडे लक्ष. घरी गठ्ठे फरशीवर नाही, लाकडी फळ्यांवर रचा.